कंट्रोल-झेड आणि कंट्रोल-झेड: बटणं तीच, ऐकणारा वेगळा

टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, व्हिम हा एडिटर उघडून एखादी कॉन्फिग फाइल दुरुस्त करताना नको ती ओळ उडाली, की हात आपसूक कंट्रोल-झेडवर जातो. माझाही गेला होता. ओळ परत आलीच नाही, उलट अख्खा व्हिम पडद्यावरून नाहीसा झाला आणि शेलचा, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रॉम्प्ट लुकलुकायला लागला. केलेलं काम गेलं असं वाटून मी तीच फाइल पुन्हा उघडली, तर व्हिमनं स्वॅप फाइल (चालू बदलांची तात्पुरती नोंद) सापडल्याचा लांबलचक इशारा दिला. त्यात एक छोटीशी नोंद होती: ही फाइल उघडलेली प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्रॅम) अजून चालू आहे. सगळं उत्तर त्या नोंदीतच होतं, पण घाबरलेल्या डोळ्यांना ते दिसलं नाही. व्हिम मेला नव्हता, फक्त थांबून राहिला होता. 'एफजी' ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबलं असतं तर तो होता तसा समोर आला असता, न सेव्ह केलेल्या बदलांसकट.

एडिटरमधलं कंट्रोल-झेड आणि टर्मिनलमधलं कंट्रोल-झेड यांना आपण एकाच शॉर्टकटचे दोन अर्थ समजतो. खरं तर या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या का हे एकदा कळलं की बाकीची कोडी पटापट सुटतात.

आधी एडिटर. तिथं तुम्ही बटण दाबलं की ऑपरेटिंग सिस्टिम ॲपला कळवते: कंट्रोल दाबलेलं आहे, वर झेड दाबलं. ॲप आपल्या शॉर्टकटच्या यादीत बघतं, तिथं 'अनडू' सापडतं, आणि ते आपल्या मेमरीतल्या बदलांच्या साखळीतली शेवटची कडी उलटवतं. हा सगळा ॲपचा घरगुती मामला आहे. म्हणून तर रीडू कुठं कंट्रोल-वायवर असतं, कुठं कंट्रोल-शिफ्ट-झेडवर, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन ते कशावरही नेता येतं.

टर्मिनलमध्ये मात्र 'कंट्रोल दाबलेलं आहे' ही बातमी पलीकडे पोचतच नाही. पोचतो तो फक्त एक आकडा. आस्की या अक्षरसंचाचं पहिलं प्रमाण १९६३ सालचं. त्यात मोठ्या सी अक्षराचा क्रमांक ६७ आहे, झेडचा ९०. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात. सीचे उरतात ३, झेडचे २६. लहान अक्षर घेतलं तरी वरचे बिट गळून तोच आकडा हाती येतो. याच हिशेबानं कंट्रोल-आय म्हणजे ९, जो टॅबचा आकडा आहे, आणि कंट्रोल-एम म्हणजे १३, जो एंटरचा. टर्मिनलमध्ये कंट्रोल-आयला टॅबपेक्षा वेगळं काम द्यायला गेलात आणि जमलं नाही, तर कारण हेच: जुन्या पद्धतीच्या टर्मिनलला त्या दोघांत फरकच दिसत नाही.

हा आकडा थेट तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात पडत नाही, वाटेत कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, टीटीवाय ड्रायव्हर बसलेला असतो. टीटीवाय हे टेलिटाइपरायटरचं लघुरूप. कागदावर खडखडत छापणाऱ्या यंत्रांसाठी बनलेली ही रचना अजून आपल्या टॅबमागे जिवंत आहे. हा ड्रायव्हर ३ आला की समोर चालू असलेल्या प्रोसेसला 'आवर आता' असा सिग्नल पाठवतो, २६ आला की 'आहे तिथं थांब' असा. लिनक्सवर किंवा मॅकवर 'एसटीटीवाय -ए' चालवून बघा. इंटर म्हणजे कंट्रोल-सी, सस्प म्हणजे कंट्रोल-झेड, ईओएफ म्हणजे कंट्रोल-डी, स्टॉप म्हणजे कंट्रोल-एस, अशी यादी छापून येते. हे सगळे डिफॉल्ट आहेत आणि बदलताही येतात. पण ते ना शेलचे, ना प्रोग्रॅमचे. ते त्या मधल्या माणसाचे आहेत. बॅश या शेलच्या सेटिंगमध्ये कंट्रोल-झेड शोधत बसलेल्या माणसाला ते म्हणूनच सापडत नाही.

रोजच्या कामात याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो डेव्हलपमेंट सर्व्हरवर. सर्व्हर ३००० पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) चालू आहे, बंद करायचा म्हणून कंट्रोल-झेड दाबलं, प्रॉम्प्ट परत आला. झालं बंद, असं वाटतं. पुन्हा सुरू करायला गेलं की पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर. ब्राउझरमध्ये पान उघडलं तर तेही नुसतं गरगरत राहतं, कारण पोर्ट धरून बसलेली प्रोसेस थांबवून ठेवलेली आहे. तिच्या दारात विनंती पोचते, पण उत्तर द्यायला कोणी हलत नाही. मग कुणी पोर्ट बदलून ३००१ करतं, कुणी मशीनच रीस्टार्ट करतं. 'जॉब्स' टाइप केलं असतं तर एका ओळीत 'स्टॉप्ड' दिसलं असतं. 'एफजी'नं पुढे आणून कंट्रोल-सी दाबलं की विषय संपतो. सर्व्हर चालूच ठेवून प्रॉम्प्ट हवा असेल तर 'बीजी'. कंट्रोल-सी हीसुद्धा एक विनंतीच आहे हे लक्षात असू द्या. प्रोग्रॅम तो सिग्नल पकडून आधी आवराआवर करू शकतो, किंवा नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रॉम्प्टसारखं 'बाहेर पडायचं असेल तर पुन्हा दाबा' असंही सांगू शकतो.

(विंडोजच्या कन्सोलमध्ये कंट्रोल-झेड आणि एंटर म्हणजे 'इनपुट संपलं'. युनिक्सकडे ते काम कंट्रोल-डीचं.)

मग एकच बटण दोन्हीकडे आलं कसं? कट-कॉपी-पेस्टची कल्पना १९७० च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. पुढे ॲपलनं लिसा हा संगणक आणि १९८४ चा मॅकिंटॉश यांवर झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार अक्षरं अनडू आणि या तीन कामांसाठी घेतली, पण त्यांच्याबरोबर दाबायचं बटण ॲपलचं स्वतःचं होतं. त्या पहिल्या मॅकच्या कीबोर्डवर कंट्रोल नव्हतंच. तीच अक्षरं विंडोजवर कंट्रोलच्या जोडीनं आली आणि लिनक्स डेस्कटॉपनंही तोच पायंडा घेतला. मॅकवर आजही कमांड-सी कॉपी करतं आणि कंट्रोल-सी प्रोग्रॅम थांबवतं, दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. माझ्या मते टर्मिनलमध्ये दिवस काढणाऱ्यांना मॅक आवडण्यामागे या एका अपघाताचा वाटा मोठा आहे.

लिनक्सच्या बहुतेक टर्मिनल ॲपमध्ये कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी दिलेलं असतं. वरचा हिशेब आठवला तर हे उगीच निवडलेलं नाही हे कळेल. शिफ्ट धरा किंवा न धरा, आकडा ३ च होणार. म्हणजे या जोडीला आत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी वेगळा अर्थ नव्हताच आणि टर्मिनल ॲपला ती बिनधास्त स्वतःकडे ठेवता आली. त्रास एवढाच की त्याच सवयीनं ब्राउझरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. विंडोज टर्मिनलनं वेगळा तोडगा काढलाय: मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी कॉपी करतं, नसेल तर प्रोग्रॅमला थांबवतं. सोयीचं आहे, पण मला ते धोक्याचं वाटतं. एकाच बटणाचा अर्थ पडद्यावर चुकून काही निवडलं गेलंय का यावर ठरावा, हे घाईच्या वेळी नको वाटतं.

कंट्रोल-एसची गंमत आणखी जुनी. एडिटरमध्ये सेव्ह, टर्मिनलमध्ये 'मजकूर पाठवणं थांबव'. सरकता लॉग बघताना सवयीनं ते दाबलं जातं आणि पडदा गोठतो. मागे प्रोग्रॅम हँग झालाय अशी शंका घेऊन लोक अर्धा तास घालवतात. कंट्रोल-क्यू दाबा, साठलेल्या ओळी धडाधड येतात. कंट्रोल-डब्ल्यूचं थोडक्यात: शेलमध्ये मागचा शब्द पुसतं, ब्राउझरमध्ये टॅब बंद करतं, त्यामुळे ब्राउझरमधल्या टर्मिनलमध्ये ते जपून.

खरी गाठ पडते ती एडिटरच्या आत उघडणाऱ्या टर्मिनलमध्ये. एकाच खिडकीत वर कोड, खाली शेल, आणि कर्सर कुठं आहे यावर बटणाची जात ठरते. व्हीएस कोड हा एडिटर तर तिसरीच गोष्ट करतो: काही कमांडची यादी ठेवून त्यांची बटणं शेलपर्यंत जाऊच देत नाही. शेलमध्ये कंट्रोल-पी म्हणजे मागची आज्ञा. तिथं मात्र फाइल शोधायची चौकट उघडते. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये सगळी बटणं शेलकडे पाठवण्याचा पर्याय आहे.

काय बदलावं? एडिटरमध्ये हवं ते बदला, नुकसान तुमच्यापुरतं. टीटीवायच्या यादीत मी एकच बदल करतो: शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन'. त्यानं कंट्रोल-एसचं गोठणं बंद होतं आणि बॅशचा एक दडलेला डिफॉल्टही मोकळा होतो. कंट्रोल-आरनं जुन्या आज्ञा मागे मागे शोधता येतात हे बहुतेकांना माहीत असतं. पुढच्या दिशेनं शोधायला कंट्रोल-एस आहे, पण ड्रायव्हर ते आधीच गिळतो. कंट्रोल-झेडला मात्र हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. व्हिम क्षणभर बाजूला ठेवून एखादी आज्ञा चालवायची आणि 'एफजी'नं परत यायचं, ही सोय हातात बसली की दुसरा टॅब उघडावासा वाटत नाही. अनडूच हवं असेल तर व्हिममध्ये यू, आणि बॅशच्या ओळीवर कंट्रोल-अंडरस्कोअर.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचनं (तिथला शेल आपल्या टर्मिनलमध्ये आणणाऱ्या प्रोग्रॅमनं) गेल्यावर तो मधला माणूसही पलीकडे गेलेला असतो. तुमचा ३ हा आकडा नेटवर्कवरून तिथं पोचतो आणि सिग्नल तिथला कर्नल काढतो. म्हणून कनेक्शन लटकलं की कंट्रोल-सी कितीही दाबा, काही होत नाही. आकडा पोचतच नसतो. अशा वेळी एंटर, मग टिल्ड (~), मग टिंब (.), एकामागोमाग एक. हा क्रम तुमच्याच मशीनवरचा एसएसएच ऐकतो आणि कनेक्शन तोडतो.