हुशारी शाबूत, बाजारात फजिती

'बोटांच्या ठशांवरून ओळखा मुलाची बुद्धी!' अशी पत्रकं कोल्हापुरातही अधूनमधून हातात पडतात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात. मूल पुढे कसा विचार करणार, हे त्यांवरून कळत नाही. पैसे वाचवा.

मेंदूची खरी चाचणी याहून कितीतरी मजेदार असते. समजा, गाडीवरून पडून एकाच्या डोक्याला मार बसला. जखम भरली, पाढे पाठ, जुन्या आठवणी लख्ख. पण सांगितलेलं एक काम धड होत नाही. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." पुष्कळदा तो आळस नसतो. कामांचा क्रम लावणं, मोह आवरणं, एक काम करताना दुसऱ्याची वेळ ध्यानात ठेवणं, या कार्यकारी क्षमता. त्यांत कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो आणि तिथेच इजा झालेली असू शकते.

असे काही रुग्ण टेबलावरच्या चाचण्यांत मात्र छान गुण मिळवतात. १९९१ मध्ये शॅलिस आणि बर्जेस या ब्रिटिश संशोधकांनी अशा तिघांना थेट बाजारात सोडलं. ठरलेल्या वस्तू घ्यायच्या, थोडी माहिती काढायची, सुरुवातीपासून १५ मिनिटांनी एका जागी हजर राहायचं, आणि खरेदी नसेल तर दुकानात शिरायचं नाही. बुद्ध्यांक चांगला असूनही तिघांचा गोंधळ उडाला. का? खोलीत परीक्षक सांगतो, "आता हे करा, थांबा, पुढचं घ्या." म्हणजे रुग्णाच्या प्रीफ्रंटलचं काम परीक्षकच करून टाकतो! बाजारात असं सांगणारं कुणी नसतं.

पण प्रत्येक रुग्णाला बाजारात कसं न्यायचं? गर्दी, पाऊस, रहदारी रोज वेगळी. म्हणून व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे संगणकाने उभं केलेलं आभासी जग. २००९ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी स्ट्रोकच्या रुग्णांसाठी ही चाचणी आभासी मॉलमध्ये आणली. आपल्याकडे कोल्हापूरचा महाद्वार रोड असा उभा करता येईल: हातात यादी आणि सव्वाअकराला कपिलतीर्थ मंडईच्या दारात हजेरी.

माझ्या मते खरा खजिना गुणांत नाही, नोंदींत आहे. मान कधी, कुठे वळली, पाऊल कुठे अडलं, घड्याळ कितीदा पाहिलं, सगळं सेकंदासेकंदाला टिपलं जातं. वेळ जवळ आली की निरोगी माणूस घड्याळ वारंवार पाहू लागतो. एक जण वेळ साफ विसरतो. दुसरा वेळ पाहतो, पण गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, चकाकीपुढून हलत नाही. दोघंही मंडईत पोचत नाहीत, गुण सारखेच. बिघाड मात्र वेगवेगळा, आणि उपचारही.

अडचणी आहेतच. डोळ्यांना चालल्याचा भास, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मात्र स्थिर. त्यामुळे काहींना मळमळतं. शिवाय ज्या आजोबांनी कधी व्हिडिओ गेम खेळला नाही, त्यांची चूक बोटांची की मेंदूची? म्हणून आधी नुसता सराव द्यायचा, त्याला गुण नाहीत.