मुक्तस्रोत घटकांची पारख : निकष कसे घडत गेले

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून आतल्या गाभ्याचा रंग पाहतो आणि मगच बोली लावतो. याच यार्डातल्या अडत्यांच्या हिशेबपट्ट्या तयार करणाऱ्या आमच्या संगणक प्रणालीत मात्र कित्येक मुक्तस्रोत घटक, म्हणजे ज्यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो असे सॉफ्टवेअरचे तयार भाग, अशी कोणतीही पारख न होता शिरले होते.

व्यवसायासाठी घटक निवडताना काय विचारायचे, हे टप्प्याटप्प्याने ठरत गेले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हा मुद्दा वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा होता. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली ती उद्योगांना ही कल्पना पटावी म्हणून. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने डेबियन या मुक्त कार्यप्रणालीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आधारे दहा कलमांची व्याख्या दिली. कोड वापरण्याच्या परवान्याचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला, पण घटक धंद्यात टिकेल का, हे ती व्याख्या सांगत नाही आणि ते तिचे कामही नव्हते.

त्यासाठी २००४ मध्ये क्यूएसओएस आणि २००५ मध्ये बिझनेस रेडिनेस रेटिंग या पद्धती आल्या. दस्तऐवज, सुरक्षितता, पाठबळ, समुदाय अशा बाबींना गुण द्यायचे आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यांचे वजन ठरवायचे, ही त्यांची रीत आजही उपयोगी आहे. मात्र एकदा भरलेले कोष्टक फाइलला लागले की ते पुन्हा कोणी उघडत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची माहिती कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या घटकातील हार्टब्लीड हा दोष उघड झाला आणि निम्मे जग ज्याच्या भरवशावर व्यवहार करते, त्या घटकाकडे मोजकीच माणसे लक्ष देत होती, हे सर्वांना कळले. ‘सांभाळतो कोण?’ हा प्रश्न तिथून निकषांत ठळकपणे आला. डिसेंबर २०२१ मध्ये प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या जावा घटकातील दोष जाहीर झाला, त्या रात्री आम्ही आमची घटकांची यादी तपासली. तीत लॉगफोरजेचे नाव नव्हते, म्हणून निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरच्या जार फाइली (जावा प्रोग्रामची गाठोडी) एकेक उघडून पाहिल्या, तेव्हा पट्टीचा अहवाल छापणाऱ्या घटकाच्या पोटात तो सापडला. घटकासोबत काय काय येते, याची सूची म्हणजे एसबॉम, आम्ही तेव्हापासून ठेवू लागलो.

मार्च २०२४ मधील एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या घटकाच्या प्रकरणाने तीही अपुरी ठरवली, कारण तिथे दीर्घकाळ मदत करून विश्वास मिळवलेल्या सहदेखभालकर्त्यानेच चोरवाट पेरली होती. आमच्या सूचीत आता प्रत्येक घटकापुढे त्याचे सध्याचे देखभालकर्ते आणि आम्ही शेवटचे पाहिल्याची तारीख असते, आणि दर तिमाहीला ती यादी आम्ही नव्याने तपासतो.