इतिहास संशोधन पद्धती (महाविद्यालयीन अभ्यास)

साधन (म्हणजे इतिहासाचा मूळ पुरावा, जसे जुने पत्र) शोधणे, त्याचा अस्सलपणा तपासणे, काळ ठरवणे आणि त्यातून नेमके किती सिद्ध होते ते मांडणे, या शिस्तीला इतिहास संशोधन पद्धती म्हणतात. अभ्यासक्रमात बहिरंग परीक्षण (कागद, शाई, अक्षर, शिक्का) आणि अंतरंग परीक्षण (लिहिणारा कोण, त्याला माहिती कुठून मिळाली, त्याचा हितसंबंध काय) हे दोन भाग असतात. व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ होतात. खरी तालीम मूळ कागद हाती आल्यावरच सुरू होते.

मराठेशाहीच्या अभ्यासात पहिला अडसर मोडी लिपीचा. आधी आखलेली ओळ, तिला लगटून आलेली लपेटीची अक्षरे, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. मुळाक्षरे लवकर येतात, पण प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे, त्यामुळे भरपूर कागद वाचण्याला पर्याय नाही.

दुसरा अडसर कालनिर्णयाचा. पेशवेकालीन पत्रांत शुहूर सन (तेव्हाच्या दफ्तरांतली एक कालगणना) पुष्कळदा अरबी संख्याशब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. हा सन मृगाला, मे-जूनच्या सुमारास बदलतो. म्हणून इसवी सन काढताना तेव्हापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवायचे. पानिपतची लढाई (१४ जानेवारी १७६१) याच सनातली. पण अनेक पत्रांवर नुसते चंद्र (मुसलमानी महिन्यातला दिवस) आणि महिना असतात, साल नसतेच. मग मजकुरातल्या घटनांवरून ते काढावे लागते. छापील खंडातली तारीखही संपादकाने अशीच तर्काने घातलेली असू शकते. ती डोळे मिटून उतरवू नये.

साधनांची प्रतवारी महाराष्ट्रात रुजवण्याचे मोठे श्रेय वि. का. राजवाडे यांचे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातल्या समकालीन पत्रांच्या आधारे त्यांनी बखरींतल्या चुका दाखवल्या. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. शिवाजी महाराजांच्या जन्माचे १६२७ हे बखरींवर आधारलेले साल मागे पडून फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) ही तिथी पुढे आली, ती जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची तिथीवार नोंद) आणि शिवभारत (शिवकालीन संस्कृत काव्य) यांच्या बळावर. वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहे. गो. स. सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद ४५ खंडांत छापले, पण ती निवडच. अप्रकाशित कागद वापरताना प्रत्येक टिपणावर दफ्तराचे नाव आणि रुमाल क्रमांक तिथेच बसून लिहावा; नंतर तो कागद पुन्हा शोधणे फार अवघड जाते.