बालकांमधील शिसे-विषबाधा (विकसनशील देशांतील)

शिसे या जड धातूचे सूक्ष्म अंश अन्न, पाणी, धूळ किंवा श्वासावाटे मुलांच्या शरीरात साठल्याने होणारा विकार. धूर किंवा गढूळ पाणी दिसते तसे हे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची दखलही उशिरा घेतली गेली. युनिसेफ आणि प्रदूषणावर काम करणारी संस्था प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यांतील बहुतेक मुले गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असून सुमारे २७.५ कोटी एकट्या भारतातली आहेत. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणूस साधारण दहावा हिस्सा शोषतो, तर लहान मूल जवळजवळ निम्मे. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि वाढत्या मेंदूतही शिरू देते. आहारात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. म्हणजे कुपोषित मुलावर दुहेरी मार. प्रमाण फार वाढल्यास झटके येतात, मूल बेशुद्ध होते. एरवी मात्र लक्षणे इतकी सामान्य असतात (पोटदुखी, पंडुरोग, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे) की घरचे मुलाला हट्टी म्हणतात, शाळा ‘ढ’ म्हणते आणि रक्त तपासावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० साली बंद झाले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये ते थांबवले. आता मोठा स्रोत म्हणजे जुन्या बॅटऱ्या फोडून वस्तीतच शिसे वितळवण्याचा धंदा. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर येथे २००७-०८ मध्ये अशाच धंद्यातले शिसे मातीत मिसळल्यामुळे १८ मुले दगावली. झांबियातील काब्वे येथील खाण १९९४ मध्ये बंद पडली, तरी तिथली माती आजही विषारी आहे.

बांगलादेशातले प्रकरण सर्वांत बोलके. तिथल्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले. पण आसपास ना कारखाना, ना भट्टी. शिशाच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचा) माग काढल्यावर बोट हळदीकडे वळले. १९८० च्या दशकात पुरात भिजून काळवंडलेली हळकुंडे खपावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट या पिवळ्याधमक रंगाने पॉलिश करण्याची प्रथा पडली होती. रंग देणाऱ्यांपैकी अनेकांना त्यातल्या विषाची कल्पनाच नव्हती. संशोधन प्रसिद्ध झाल्यावर सरकारने बाजारात धाडी घातल्या, दंड केले, जाहीर इशारे दिले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत भेसळ होती. २०२१ मध्ये ती शून्यावर आली. सार्वजनिक आरोग्यात इतके स्वस्त आणि इतके झटपट यश क्वचितच मिळते. भारतात पाटण्याच्या बाजारातील हळदीतही शिसे सापडले आहे.

महाराष्ट्रातील घरांतही संशयाच्या जागा आहेत. मारुती-गणपतीला चढवला जाणारा शेंदूर परंपरेने शिशाचाच ऑक्साइड असतो. कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले असल्यास आंबट आमटीबरोबर ते पानात उतरते. जुन्या रंगाचे खिडक्या-दारांवरचे पोपडे रांगत्या मुलाच्या हाती लागतात; घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा (दशलक्षात ९० भागांपेक्षा) जास्त शिसे नको, हा भारतातील नियम २०१६ चा, त्यामुळे त्याआधी रंगवलेली घरे तशीच आहेत.

रक्तातील प्रमाण ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे देतात. त्याखाली स्रोत दूर करणे आणि लोह व कॅल्शियमयुक्त आहार देणे हाच मुख्य उपाय. मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. शिवाय मूल त्याच धुळीत परतणार असेल तर औषध वाया जाते. नायजेरियातील झाम्फारा प्रांतात सोन्याचे शिसेयुक्त खनिज घराच्या आवारातच दळले जाई. २०१० मध्ये तिथे ४०० हून अधिक मुले मरण पावली. त्यातल्या बागेगा गावी २०१३ मध्ये आवारांतली माती उपसून स्वच्छ करेपर्यंत डॉक्टरांना मुलांवर उपचार सुरू करता आले नाहीत.