तुमचा पहिला गॉगल टाकून देण्याआधी

सिद्धेश्वराच्या यात्रेत हट्ट करून घेतलेला. परण्या निघताना मेहुण्याने डोळ्यांवर चढवलेला. पहिल्या पगारातून वडिलांसाठी आणलेला. स्कूटी शिकायला लागल्यावर भावाने घेऊन दिलेला. लातूरच्या आमच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या गॉगलमागे बहुतेक वेळा असं काहीतरी असतंच. पण गिऱ्हाईक ते सांगायला संकोचतं. "तसा काही किमतीचा नाही, बघा काही होतं का," एवढंच म्हणून गॉगल काउंटरवर ठेवतं. संकोच करू नका. कुठून आला, कुणी दिला ते सांगा, म्हणजे त्यात काय जपायचं आणि काय बदलायचं हे आम्हाला कळतं. "जुना द्या, नवा घ्या" अशी योजना आम्ही मुद्दामच ठेवलेली नाही.

आजोबांचा काळा चष्मा

आपल्याकडे उन्हात राबणारा माणूस डोक्याला रुमाल बांधतो, डोळ्यांना काही लावत नाही. त्यामुळे कित्येक आजी-आजोबांचा आयुष्यातला पहिला काळा चष्मा मोतीबिंदूच्या शिबिरातला असतो. ऑपरेशननंतर उजेड आणि धूळ यांपासून डोळा जपायला तो देतात. डोळा बरा झाला की त्याचं काम संपतं, पण घरात तो कुणी टाकत नाही. पुढे माणूस जातं आणि काठी, टोपी यांच्यासोबत तो चष्मा मागे राहतो. अशा चष्म्याची काच बऱ्याचदा बदलता येत नाही. आम्ही तो धुऊन, दांड्या घट्ट करून देतो. त्याचे पैसे घेत नाही. तो उन्हात वापरायला मात्र काढू नका, जपूनच ठेवा.

काच तपासून घ्या

जुना गॉगल पुन्हा वापरायचा असेल तर हे नीट वाचा. काच काळी आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवतेच असं नाही. रंग वेगळा आणि किरण अडवण्याचा गुण वेगळा. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या काचेत किरण अडवण्याची सोय नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. उन्हातले हे किरण वर्षानुवर्षं सोसले की मोतीबिंदूचा धोका वाढतो, बुबुळावर मांस चढण्याचाही. शेतात, रस्त्याच्या कामावर आणि मोटारसायकलवर दिवस घालवणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. 'यूव्ही ४००' म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील (यूव्ही) किरण अडवणारी काच. तुमची काच तशी आहे का, हे आम्ही मीटरवर तुमच्यासमोर पाहून देतो.

काच नापास झाली तरी गॉगल गेला असं समजू नका. फ्रेम तीच ठेवून नवी काच बसवता येते, नंबर असेल तर नंबरचीही. प्लास्टिकची काच गरम रंगात बुडवून जुन्या छटेच्या जवळ नेता येते: तपकिरी, करडी, वर गडद आणि खाली फिकी, किंवा तो जुना हिरवट करडा रंग, ज्याला 'जी-१५' म्हणतात. त्यातून साधारण १५ टक्के उजेड आत येतो. अगदी हुबेहूब रंग येईल असं वचन आम्ही देत नाही. लग्नातला फोटो असेल तर सोबत आणा, त्याने फार मदत होते.

आणि एक विनंती. काच फुटली असेल तर तुकडे फेकू नका. त्यांवरून नव्या काचेचा आकार काढायला मदत होते.

दांडी तुटली तर

दांडी तुटली की घरोघरी पहिला हात फेविक्विककडे जातो. कृपा करून थांबा. त्याच्या वाफेने काचेवर पांढरा थर बसतो आणि बिजागरीत फेविक्विक गेलं तर स्क्रू कायमचा अडकतो. बहुतेक वेळा फक्त स्क्रू निघालेला असतो, आणि ते काम तुम्ही उभे असतानाच होतं. नाकाच्या पॅडजवळ हिरवं साचलं असेल तर ते घामाने धातूवर चढलेलं कीट आहे. पॅड बदलले की झालं. ॲसिटेटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची, फ्रेम पांढुरकी पडली असेल तर बफिंग करून, म्हणजे घासून पॉलिश करून, तिची चमक बरीचशी परत येते. फ्रेमला आंबट वास येत असेल आणि ती चिरत असेल तर मात्र ते प्लास्टिकच मोडत चाललेलं असतं. तिथे आमचा इलाज चालत नाही, आणि तसं आम्ही स्पष्ट सांगू.

घरी जपताना

धुळीने भरलेला गॉगल पदराने किंवा रुमालाने कोरडा पुसू नका, धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी पाण्याखाली धरा, भांड्याच्या साबणाचा एक थेंब लावा, मग मऊ सुती कापडाने टिपा. स्पिरिट नको. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर ठेवूच नका, फ्रेम वाकते आणि काचेवरचा लेप तडकतो. कपाटात ठेवायचा तर कापडी पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नको, आणि डांबरगोळ्यांपासून दूर ठेवा.

दुरुस्तीला देण्याआधी खर्च आणि दिवस विचारून घ्या, आम्ही ते पावतीवर लिहून देतो. काढलेली जुनी काच पाकिटात घालून फ्रेमसोबत परत मिळते, मागावी लागत नाही.