प्रीसेट व स्वयंचलित गस्त (पीटीझेड कॅमेरा)

पीटीझेड, म्हणजे दुरून फिरवता येणाऱ्या सुरक्षा कॅमेऱ्याचा आडवा कोन (पॅन), उभा कोन (टिल्ट) व झूम एका क्रमांकाखाली साठवून ठेवणे म्हणजे प्रीसेट. असे प्रीसेट ठरलेल्या क्रमाने, ठरलेले थांबे घेत कॅमेऱ्याने आपोआप गाठत राहणे म्हणजे टूर किंवा पॅट्रोल. अनेक कॅमेरे फोकसची स्थितीही त्याच क्रमांकाखाली ठेवतात.

प्रीसेटची सुरुवात कोठून धरावी, याबाबत दोन मते संभवतात. जुन्या पॅन-टिल्ट यंत्रणांत आणि मोटारीवर चालणाऱ्या झूम भिंगांत पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरण्यानुसार व्होल्टेज बदलणारा भाग, बसवीत. यंत्रणा किती फिरली हे त्याच्या व्होल्टेजवरून कळे व साठवलेल्या व्होल्टेजशी मेळ बसेपर्यंत मोटार चाले. एक मत यालाच प्रीसेट मानते. दुसरे मत स्टेपर मोटार (मोजक्या पावलांनी फिरणारी मोटार) व अंकीय स्मृती असलेल्या डोम, म्हणजे घुमटाकार, कॅमेऱ्यांपासून, म्हणजे साधारणतः विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून, सुरुवात धरते. स्थिती मोजणे, साठवणे व पुन्हा गाठणे हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच असल्याने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

आज्ञा पाठवण्याच्या पद्धतींत पेल्को-डी ही आरएस-४८५ (तारांवरून माहिती पाठवण्याचे एक मानक) तारांवर चालणारी पद्धत चांगलीच रुळलेली. तिचा प्रत्येक संदेश ७ बाइटांचा असतो : आरंभखूण, कॅमेऱ्याचा पत्ता, आज्ञेचे दोन बाइट, माहितीचे दोन बाइट व शेवटी पडताळा. प्रीसेट साठवण्याची आज्ञा ३, पुसण्याची ५, बोलावण्याची ७. पत्ता १ असलेल्या कॅमेऱ्याला पाचव्या प्रीसेटवर न्यायचे तर दशमान पद्धतीत २५५, १, ०, ७, ०, ५, १३ असा संदेश जातो. शेवटचे १३ म्हणजे आरंभखूण सोडून मधल्या पाच बाइटांची बेरीज. (बेरीज २५५ च्या वर गेल्यास २५६ ने भागून उरणारी बाकी घेतात.) क्रमांकाला एकच बाइट मिळत असल्याने प्रीसेटची मर्यादा २५५ वर येते. काही क्रमांक राखीव असतात : अनेक कॅमेऱ्यांत ९५ बोलावल्यास मेनू उघडतो, ३३ बोलावल्यास कॅमेरा पाठीमागे वळतो. नवख्या तंत्रज्ञाने अशा क्रमांकावर स्थान साठवू पाहिले, की गोंधळ ठरलेला. अ‍ॅक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ मध्ये स्थापन केलेल्या ऑनव्हिफ या मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या पद्धतीत प्रीसेट टोकनने, म्हणजे ओळखखुणेने, ओळखले जातात आणि ‘होम’ हे स्थान त्यांच्याहून वेगळे ठेवलेले असते.

कॅमेरा दृश्य लक्षात ठेवत नाही, मोटारीचा कोन लक्षात ठेवतो. अचूकतेचा सारा प्रश्न यातूनच उद्भवतो. चालू होताना तो स्वतःभोवती फिरून शून्यस्थान शोधतो व तेथून पावले मोजतो. पट्टा घसरला किंवा कोणी हाताने कॅमेरा ढकलला, की मोजणी चुकते. एन्कोडर (प्रत्यक्ष फिरलेला कोन मोजणारा भाग) असलेले कॅमेरे ही चूक स्वतः भरून काढतात. ०.१ अंशाची चूक १०० मीटरवर सुमारे १७ सेंटिमीटर होते. रुंद दृश्यात ती जाणवतही नाही, पण पूर्ण झूममध्ये नंबरप्लेट चौकटीबाहेर जाऊ शकते. कॅमेरा पुन्हा चालू केल्यावर प्रीसेट जागेवर आले तर दोष मोजणीचा. तरीही सगळे सारखेच सरकलेले दिसले तर आधी खांब व ब्रॅकेट तपासावे.

पॅट्रोल आखताना थांब्यांचा हिशेब फार जपून करावा लागतो. ८ स्थाने, प्रत्येकी १० सेकंद थांबा व २ सेकंद प्रवास धरला तर फेरी ९६ सेकंदांची होते. म्हणजे कोणतेही एक स्थान सलग ८६ सेकंद नीट पाहिले जात नाही. चोराला तेवढा वेळ पुष्कळ झाला. म्हणून प्रवेशद्वार किंवा तिजोरीसारखी जागा केवळ गस्तीवर सोडू नये, तेथे स्थिर कॅमेराच हवा. पॅटर्न या प्रकारात चालकाने हाताने केलेली हालचालच नोंदवून जशीच्या तशी पुन्हा चालवतात. हाताने नियंत्रण घेतले की गस्त थांबते. ठरावीक वेळ कोणी हात न लावल्यास ती पुन्हा सुरू व्हावी, अशी पार्क सोय बहुतेकांत असते आणि ती चालू ठेवणे अत्यावश्यक आहे, नाहीतर कॅमेरा चालकाने सोडला त्याच दिशेला पाहत राहतो.

दरवाजाच्या सेन्सरने विशिष्ट प्रीसेट बोलावणे हा अलार्म-जोडणीचा नेहमीचा प्रकार.