एक भारद्वाज, तीन पक्षी

सांगली जिल्ह्यात पलूस-वाळव्याकडं पहाटे उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला बांधावर भारद्वाज दिसला, की दिवस चांगला जाणार हे ठरलेलं. काळं अंग, विटकरी पंख, गुंजेसारखे लाल डोळे आणि उडायचा कंटाळा आल्यासारखी चाल. दिसण्याआधी तो ऐकू येतो. फडाच्या आतून, रांजणात तोंड घालून बोलावं तसं ‘कूप-कूप-कूप’. जुनी माणसं त्याला कुकुडकोंबा म्हणतात. कोणी कुंभार कावळा, कोणी सोनकावळा. पण शुभ म्हणून वाट वाकडी करून बघायचा तो भारद्वाज. कुकुडकोंबा दिसला म्हणून हात जोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पक्षी तोच.

गंमत अशी, की संस्कृतात हे नाव बहुधा या पक्ष्याचं नव्हतंच. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘व्याघ्राटः स्याद्भरद्वाजः’ एवढंच येतं. म्हणजे एका नावाला दुसरं नाव दिलं; रंग नाही, आवाज नाही, पक्षी ओळखायचा तरी कसा? एकोणिसाव्या शतकातल्या कोशकारांनी मग आपापला अर्थ लावला. मोनियर-विल्यम्स आणि आपले वामन शिवराम आपटे, दोघांच्याही संस्कृत-इंग्रजी कोशांत भरद्वाज म्हणजे ‘स्कायलार्क’, आपला चंडोल. तिसराही एक दावेदार आहे. घरातले संस्कार-विधी सांगणाऱ्या पारस्कर गृह्यसूत्रात अन्नप्राशनाच्या, म्हणजे उष्टावणाच्या प्रकरणात म्हटलंय की लेकराची वाणी वाहती व्हावी असं वाटत असेल, तर त्याला भारद्वाजी पक्षिणीचं मांस द्यावं. जर्मन संस्कृत पंडित ओल्डेनबर्ग यांनी १८८६ साली या सूत्राचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा तिथं कंस करून ‘पार्ट्रिज’ लिहिलं. तित्तिर!

मला विचाराल तर इथं चंडोलच पटतो. तो गात गात आभाळात चढतो, वर गेल्यावरही गाणं तोडत नाही. वाणीसाठी त्याची निवड झाली असेल तर नवल नाही. कुकुडकोंब्याची सगळी बोली एका अक्षराची. ते खाऊन पोरगं वक्ता होईल असं कुणाला वाटलं असेल?

नावाला ऋषीचं वलय आहेच. ऋग्वेदाचं सहावं मंडल भरद्वाज कुळाचं. भरद्वाजाचा तो भारद्वाज, म्हणून महाभारतात द्रोणाचार्यांनाही भारद्वाज म्हटलंय. पुढं ते गोत्र झालं आणि उत्तरेत आडनाव. तिकडच्या भारद्वाज आडनावाच्या माणसाला आपल्याकडं कोणी ‘तुमचा पक्षी दिसला’ म्हटलं, तर तो बुचकळ्यातच पडेल. हिंदीत या पक्ष्याला महोख म्हणतात.

सांगलीकरांना एवढं लांब जायचीही गरज नाही. जतच्या पूर्वेला कानडी मुलूख लागला, की हाच पक्षी केंबूत होतो. त्यातला ‘केम्’ लाल रंगाचा. मोर बघून केंबूतानं पिसं फुलवली, अशी कानडीत म्हण आहे. आपली ऐपत न बघता दुसऱ्याची नक्कल करणाऱ्याला ती ऐकवतात. शिवेच्या अलीकडं ज्याचं दर्शन घ्यायचं, पलीकडं त्याचंच हसं. आणखी खाली केरळात त्याला चेंबोत्त म्हणतात, उप्पन म्हणतात आणि चक्क चकोरही म्हणतात! आपला चांदणं पिणारा चकोर तिथं दिवसाढवळ्या गोगलगाई वेचतो.

साहेबलोकांचीही या पक्ष्यापुढं अशीच त्रेधा उडाली. इंग्रजीत तो बरीच वर्षं ‘क्रो-फेझंट’ होता, म्हणजे कावळाही आणि रानकोंबड्याचा भाऊबंदही. तो दोन्ही नाही. कूळ कोकिळेचं, मात्र दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकायची खोड नाही, स्वतःचं घरटं बांधून पिल्लं वाढवतो. आता रूढ असलेलं ‘कूकल’ हे नाव फ्रेंचातून आलं. कोकिळेसाठीचा ‘कूकू’ आणि चंडोलासाठीचा ‘अलुएत’ जोडून ते घडवलं, असं मानतात. चंडोल कशासाठी? तर मागच्या बोटाच्या लांब, सरळ नखीसाठी. १८११ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ इलिगर यांनी दिलेलं ‘सेंट्रोपस’ हे शास्त्रीय नावही तिच्यावरूनच आलंय, अर्थ काटेपाय. त्यापुढचं ‘सायनेन्सिस’ म्हणजे चीनचा.

म्हणजे संस्कृत कोशांतल्या चंडोलाचं नाव मराठीत कुकुडकोंब्याला चिकटलं, आणि तिकडं फ्रेंचांनीही त्याच पक्ष्यात चंडोल पाहिला. आपल्याकडची अदलाबदलही नखीमुळंच झाली असं म्हणायचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा, कारण गावाकडं पाखराला नखीवरून कोणी ओळखत नाही, आवाजावरून ओळखतात.

या दोन पाखरांचे मुलूख जिल्ह्यातही वेगळे. कृष्णा-वारणेकाठच्या दाट, ओल्या उसात कुकुडकोंबा. आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या उघड्या माळावर चंडोल. आता म्हैसाळ योजनेचं पाणी जतकडं गेलंय आणि पाण्यामागून ऊसही. कोशातला भारद्वाज माळावरून गात वर चढतोय आणि बोलीतला भारद्वाज शेजारच्याच फडात घुमतोय, असं एखाद्या सकाळी तिथं ऐकू यायला हरकत नाही.